आगीवर चालणारा फ्रिज

विटांचा ट्रॅक्टर आला तेव्हा जाऊबाई आपल्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "कुठे उतरवू?" आमच्या यांनी नळापासून मोरीपर्यंत हवेतच बोटाने रेघ ओढली. तिथे भिंत होणार होती. एका अंगणाची दोन अंगणं होणार होती. जाऊबाईंनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात सुपातच थांबला, एवढं मी खिडकीतून पाहिलं.

ती भिंत मी मागितली होती. एकवीस वर्षांच्या संसारात सासरी मी मोठ्या आवाजात काही मागितलं असेल तर तेवढंच.

माझं माहेर पहूरचं. तिकडची बोली वेगळी, इथली वेगळी. लग्न होऊन चाळीसगावला आले आणि पहिल्याच आठवड्यात मी काहीतरी बोलले, त्यावर जाऊबाई हसल्या. मग पाहुण्यांसमोर तेच वाक्य त्यांनी माझ्यासारखा आवाज काढून म्हणून दाखवलं. बहुतेक काही वाईट मनात नसेल. पण तेव्हापासून मी कमी बोलायला लागले, ती सवय तशीच राहिली. जे बोलता येत नाही ते मुलीच्या उरलेल्या वह्यांमध्ये लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहायला तेवढी पुरते.

घर एकच, दोन भाग. रस्त्याकडच्या दोन खोल्या जाऊबाईंच्या, मागच्या दोन आमच्या. जेठ, म्हणजे यांचे मोठे भाऊ, सुरतला मिलमध्ये, दिवाळीला येतात. त्यांची मुलगी सासरी, माझी जळगावला शिकायला. म्हणजे दिवसभर अंगणात आम्ही दोघीच, आणि दोघींमध्ये शब्द मोजके.

हे पूर्वी दुसऱ्याची गाडी चालवायचे. चार वर्षांपूर्वी धुळ्याला हायवेजवळच्या एका भंगारवाल्या चाचांकडून यांनी एक घरगाडी आणली. कुणा हौशी माणसाने प्रवासासाठी बनवून घेतलेली गाडी होती ती. आत झोपायला फळी, हात धुवायला बेसिन आणि कोपऱ्यात कमरेएवढा फ्रिज. यांनी एका बाजूचा पत्रा कापून तिथे वर उघडणारी झडप बसवली आणि आम्ही आठवडी बाजारांत, यात्रांत दहीवडा आणि मठ्ठा विकायला लागलो. हे पुढे उभे राहून ओरडतात, मी आत उभी राहून देते. मला ते बरं पडतं. गिऱ्हाइकाला माझे फक्त हात दिसतात.

तो फ्रिज इतर फ्रिजसारखा नाही. त्याला खाली एक गोल खटका आहे. त्यावर एका बाजूला ज्योतीचं चित्र, एका बाजूला प्लगचं. प्लगकडे फिरवला की लाईटवर चालतो, ज्योतीकडे फिरवला की गॅसवर. खटका दाबून धरायचा, ठिणगी पाडायची, मग खालच्या बारीक काचेतून निळी ज्योत दिसते. त्या ज्योतीने फ्रिज गार होतो. चाचांनी तसं सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, फसवलं यांना. चुलीवर पाणी ठेवलं तर ते तापतं, हे मला कळतं. आग लावून गार होणारी वस्तू मी कधी पाहिली नव्हती.

जाऊबाईंनी तर तोंडावरच म्हटलं, "या माय! आग लावीसन गार करतस? मंग दूधवर मांजर राखण ठेवा!"

आणखी एक गोष्ट मला खटकायची. तो आवाज करत नाही. शेजारच्यांचा फ्रिज गुरगुरतो, थांबतो, पुन्हा गुरगुरतो. माणूस झोपल्यावर घोरतो तसा त्याचा भरवसा वाटतो. हा मुका. चालू आहे की बंद, दार उघडल्याशिवाय कळत नाही, आणि दार उघडलं की गारवा जातो. म्हणून मी आत खोबरेल तेलाची बाटली ठेवली. तेल गोठून पांढरं झालं की गार, पातळ राहिलं की नाही. तेवढं एकच साधन माझ्याकडे होतं.

घरी गाडी बाजूच्या गल्लीत उभी असते. गल्ली नाल्याकडे उतरत जाते. गाडीची बॅटरी जुनी, सकाळी चावी फिरवून कधी सुरू होते, कधी नाही. म्हणून हे गाडी उतारावर, तोंड नाल्याकडे करून लावतात. सकाळी चाकाखालचे दगड काढायचे, गाडी आपोआप घरंगळते, गिअर टाकला की सुरू. आमच्याकडे अर्ध्या गावाच्या गाड्या अशाच लागतात. सपाट जागा दिसली तरी माणूस उतार शोधतो.

घरी फ्रिज लाईटवर चालायचा. गल्लीकडे खिडकी फक्त जाऊबाईंच्या खोलीला, म्हणून वायर त्यांच्या खिडकीतून यायची. प्लग त्यांच्या बोर्डाला. वायर असल्यामुळे खिडकी पूर्ण लागायची नाही, चार बोटं फट राहायची. त्यावरून रोज ऐकावं लागायचं.

"खिडकी बंद होत नही, बठ्ठा मच्छर घरमा. तुम्हना मठ्ठा गार आनि मी जागी."

हे हसायचे. "अक्का, पहिला ग्लास तुम्हाले."

"ठेव तुना ग्लास. आंबट ऱ्हास तो."

आंबट असायचा, हे खरं. त्यातच सगळं दुखणं होतं. आदल्या दिवशी गाडीतच विरजलेलं दही मी फ्रिजमध्ये ठेवायचे आणि पहाटे गाडी निघताना पाहिलं तर तेल पातळच. दही कोमट. बाजारात पोचलो की हे गॅसवर खटका फिरवायचे आणि दुपारी तीनच्या सुमाराला तेल पांढरं व्हायचं. तोपर्यंत बरीच गर्दी पांगलेली असायची. एक बाई ग्लास परत ठेवून म्हणाली, "बाई, हे कालचं की परवाचं?"  आतून तिला माझे हातच दिसत होते, तेही मी मागे घेतले.

यांचं म्हणणं, गॅसला जोर जास्त. "आपल्या लाईटीत दम नाही. संध्याकाळी बल्ब कसा मिणमिणतो पाहते ना? तसाच तो फ्रिज." मला ते पटलं. तीन-चार वर्षं पटलं.

मग दोंडाईच्याकडे एका गावाला तीन दिवसांची यात्रा होती. पहिल्याच दिवशी गॅसची टाकी संपली. नवी मिळेना. यांनी शेजारच्या पाळणेवाल्याकडून वायर घेतली आणि खटका प्लगकडे फिरवला. मी म्हटलं, आता संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर तेलाची बाटली दगडासारखी. बाटली उलटी केली, थेंब हलला नाही. दह्यावर हात ठेवला तर बोटं ओढून घ्यावी लागली. आणि यात्रेतली लाईट तर आमच्यापेक्षा वाईट, पाळणा फिरला की सगळ्या माळा मंद व्हायच्या.

म्हणजे लाईटचा दोष नव्हता.

हे खूश झाले. म्हणाले, "बघ, दोन्हीवर चालतो." मी मात्र तीन दिवस त्या दह्याकडे बघत एकच विचार करत होते. लाईट चांगली, फ्रिज चांगला, मग घरीच का नाही? घरी आणि यात्रेत फरक एवढाच की घरी वायर जाऊबाईंच्या खिडकीतून येते. आम्ही मागच्या खोलीत झोपलो की त्या प्लग काढत असणार. खिडकी लावून घेत असणार. आणि आम्ही उठायच्या आत परत लावत असणार.

एकदा असं मनात आलं की माणसाला सगळं तसंच दिसायला लागतं. त्यांची झोप चांगली झालेली दिसली की मला वाटायचं, डास लागले नाहीत म्हणजे खिडकी बंद होती. झोप नीट झालेली नसली की वाटायचं, नाटक आहे.

मी पाळत ठेवली. घरी परतल्यावर त्या पाणी भरायला गेल्या तेव्हा मी त्यांच्या खोलीत जाऊन प्लगला आणि बोर्डाच्या खिळ्याला मिळून पांढरा दोरा बांधला. प्लग ओढला तर दोरा तुटणार. सकाळी पाहिलं, दोरा तसाच. तेल मात्र पातळ. मला वाटलं, त्यांनी सोडून पुन्हा बांधला असेल. माझी गाठ साधी, कुणालाही जमेल अशी. मग खटक्याला चिमूटभर हळद लावली. कुणी हात लावला तर हळद पुसणार. हळदही तशीच. तरी माझं मन म्हणेना की ही बाई निर्दोष आहे. मी म्हटलं, हुशार आहे.

मग एका दुपारी मी दळण घेऊन गल्लीने येत होते आणि त्यांना घरगाडीतून उतरताना पाहिलं. आमच्या गाडीत. आम्ही दोघं घरी नसताना. त्यांनी मला पाहिलं आणि पदर सारखा केला.

"मांजर शिरनी व्हती," त्या म्हणाल्या.

मांजर काही दिसलं नाही मला.

मी घरात आले, दळण ठेवलं, आणि हे जेवायला आल्यावर म्हटलं, "अंगणात भिंत घाला. आपला मीटर वेगळा घ्या. मला त्या खिडकीतली वायर नको."

यांचा घास हातात राहिला. "अगं, झालं काय?"

"त्या आपला फ्रिज बंद करतात."

"अक्का?"

"मी पाहिलं." मी पाहिलं नव्हतं. उतरताना पाहिलं होतं. पण तोंडातून तसंच गेलं.

 आई गेल्यावर यांना जाऊबाईंनीच वाढवलं आहे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हे नऊ वर्षांचे होते. यांनी जेवण तसंच सारलं आणि चार दिवस माझ्याशी फार बोलले नाहीत. पाचव्या दिवशी विटा आल्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण सुपात थांबलेला तो हात पाहिला. भिंत झाली की त्या बाजूला त्या एकट्याच उरणार होत्या. नळ आमच्याकडे, मोरी त्यांच्याकडे.

गवंडी आठ दिवसांनी येणार होता. तेवढ्यात मी ठरवलं, वायर काढून टाकायची. घरीही गॅसच लावायचा. म्हणजे जाऊबाईंच्या हातात काही राहणार नाही, आणि फ्रिज गार झाला की माझं खरं ठरेल. सकाळी यांच्याकडून ज्योत पेटवून घेतली. आणि त्या गाडीत शिरतात ना, म्हणून मी दिवसभर गाडीतच बसले. दारं उघडी, उन्हाने पत्रा तापलेला, वैशाखातलं चाळीसगाव. तांदूळ निवडले, लसूण सोलला, मुलीचा ड्रेस उसवून पुन्हा शिवला. दर थोड्या वेळाने खाली वाकून काचेतून बघायचे. ज्योत निळी, स्थिर. कुणी आलं नाही. एकदा जाऊबाई गल्लीच्या तोंडाशी आल्या, मला बसलेली पाहिली आणि परत गेल्या.

दिवे लागायच्या आधी दार उघडलं. तेल पातळ. पाण्यासारखं हलत होतं.

मी तिथेच फळीवर बसले. लाईट नाही, जाऊबाई नाहीत, हळद नाही, दोरा नाही. ज्योत माझ्या डोळ्यांसमोर जळत होती. आता संशय घ्यायला कुणी उरलंच नव्हतं.

सकाळी गाडीतच विरजण लावून ठेवलं होतं, पसरट स्टीलच्या डब्यात. ते तरी बघावं म्हणून झाकण काढलं. दही घट्ट लागलं होतं. डबा उचलून घरात नेला, ओट्यावर ठेवला आणि पाहिलं तर दही तिरपं. एका बाजूला काठाला टेकलेलं, दुसऱ्या बाजूला दोन बोटं खाली. जसं कुणी उतरतं छप्पर करावं.

असं दही मी त्याआधी किती वेळा पाहिलं होतं. बाजारात डबा उघडला की तिरपंच असायचं, मला वाटायचं रस्त्याच्या धक्क्यांनी झालं. पण लागलेलं दही धक्क्याने तिरपं होत नाही, ते फुटतं. हे लहानपणापासून दही लावणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. आणि यात्रेत लावलेलं दही कसं होतं? ते मला आठवलं. सपाट. आरशासारखं. यात्रेचं मैदान सपाट होतं. बाजाराची जागाही.

मी एक ताट काठोकाठ पाण्याने भरून गाडीत नेलं आणि फ्रिजच्या आत ठेवलं. पाणी पुढच्या बाजूने सांडून माझ्या पायावर आलं.

यांना बोलावलं. म्हटलं, चाचांना फोन लावा, विचारा की गाडी तिरपी असली तर फ्रिजला काही होतं का. यांनी फोनचा आवाज मोठा केला. चाचा पलीकडून हसले. "अरे बेटा, चार साल झाले! पहिल्याच दिवशी बोललो होतो ना, एकदम सपाट पाहिजे त्याला. आतमध्ये मशीन नाही, नळीतलं पाणी स्वतःच वर चढतं, स्वतःच खाली येतं. तिरपं केलं की अडकतं. गॅस लाव नाहीतर लाईट लाव, काही फायदा नाही."

फोन ठेवल्यावर मी यांच्याकडे पाहिलं.

"म्हणाले होते," हे म्हणाले. "मला वाटलं, भंगारवाले दहा गोष्टी सांगून ठेवतात. उद्या तक्रार आली की, सांगितलं होतं, म्हणायला."

म्हणजे यांनाही संशयच. फक्त यांनी चाचांवर घेतला, मी जाऊबाईंवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी गाडी पुढून उचलायचं ठरवलं. दगड एकसारखे मिळेनात. मी अंगणातल्या चळतीकडे बघितलं आणि चार विटा उचलल्या. पहिल्यांदा नुसत्या विटांवर चाक चढवलं तर दोन चुरा झाल्या. मग गल्लीतली माती सारखी करून विटा आडव्या पसरल्या, त्यावर जाड फळी. मी आत ताट घेऊन बसलेले, हे बाहेरून विचारायचे, "अजून?" मी म्हणायचे, "अजून एक थर." दोन थरांनंतर ताटातलं पाणी कुठूनच सांडेना.

आवाज ऐकून जाऊबाई बाहेर आल्या. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"भितनी इट शे ना ती?"

भिंतीचीच वीट होती, मी मान डोलावली.

त्या फळीजवळ आल्या, वाकल्या, आणि गाडीच्या मागच्या कप्प्याजवळ नाक नेऊन वास घेतला. जिथे गॅसची टाकी ठेवतो तिथे. मग टाकीच्या खटक्यावरून हात फिरवून तो बंद आहे ना हे पाहिलं. पदर घसरला तेव्हा त्यांच्या दंडावरचा डाग दिसला. माहेरी लहानपणी स्टोव्ह भडकला होता त्याचा तो डाग. मला एकवीस वर्षांपासून माहीत आहे.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही रोज बघता का हे?"

"मंग? तुम्ही जातस झोपी. घरना भिंतले आग लागनी म्हंजे? आत शिरीसन रोज देखस मी, वास येस का नही ते." मग म्हणाल्या, "खिडकी मी बंद करू शकत व्हती. वायर काढीसन. पन मंग वास कसा येवाव माले?"

 मांजर शिरल्याचं त्यांनी का सांगितलं, ते मी विचारलं नाही. भीती वाटते हे सांगायला त्यांनाही जमत नसावं. तेवढ्यापुरत्या आम्ही सारख्या.

यांनी त्या दिवशी जाऊबाईंच्या खिडकीच्या चौकटीला ड्रिलने भोक पाडलं. वायर त्यातून घेतली. खिडकी आता पूर्ण लागते. तरी त्या ती बोटभर उघडी ठेवतात, हे मी बाहेरून पाहिलं आहे.

त्यानंतरच्या सकाळी तेल पांढरं होतं. लाईटवर. पुढच्या आठवड्यात मुद्दाम गॅसवर ठेवून पाहिलं, तर गॅसवर जरा लवकर गोठलं. म्हणजे यांचंही थोडं खरं. पण उन्हाचा पारा चढला की दोन्हीवर दम लागतो त्याला, हेही मी आता ओळखते.

गवंडी ठरल्या दिवशी आला. हे बाजाराला सामान आणायला गेले होते. तो चळतीभोवती फिरला, म्हणाला, "बाई, यात भिंत कशी होईल? गुडघ्याएवढी होईल." यांनी मुळातच विटा बेताच्या आणल्या होत्या, त्यातून गाडीखाली दोन थर, चुरा झालेल्या वेगळ्या, आणि जाऊबाईंनी पाण्याच्या टाकीखाली न विचारता आठ लावलेल्या. मी त्याला चहा दिला आणि नंतर कळवतो म्हणून पाठवलं.

बाजाराच्या दिवशी आता फळीवरून गाडी खाली उतरवायला एक धक्का लागतो, मग ती उतारावर आपली घरंगळते. हे आत स्टिअरिंगवर, मागून मी एकटी. गाडी हलेना. जाऊबाई हातातला झाडू टाकून आल्या आणि माझ्या शेजारी खांदा लावला.

"लाव जोर. दही खाईसन बी जोर नही का तुले?"

गाडी धाडकन खाली उतरली, गिअर पडला, धूर सोडून सुरू झाली. आम्ही दोघी हात झटकत उभ्या राहिलो. गाडीकडची वायर आधीच सोडवली होती, तरी निघण्याआधी मी नेहमीप्रमाणे खिडकीपाशी जाऊन बोर्डातला प्लग रात्रभर नीट होता का ते पाहिलं. सवय गेलेली नाही. त्यांनी गॅसच्या टाकीजवळ जाऊन वास घेतला. दोघींनी एकमेकींना पाहिलं.

"भित कधी बांधतस?" त्यांनी विचारलं. चेहरा दुसरीकडे होता.

"विटा कमी पडल्या, अक्का."

त्या उरलेल्या चळतीकडे बघत राहिल्या. मोजत असाव्यात.

"मंग ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, आणि झाडू उचलायला गेल्या.